एका कान्याचं कर्ज

"हिला जमीन आणि जामीन यातला फरक कळत नाही, आणि पोरीला इंजिनियर करायला निघालीय."

हे वाक्य बँकेतला साहेब मला म्हणाला नाही. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला म्हणाला. मी समोरच उभी होते. खुर्ची रिकामी होती, पण बसा असं कुणी म्हणालं नाही, आणि आपण होऊन बसायची अक्कल मला तेव्हा नव्हती. शेजारचा हसला. पैसे देणारी बाई काचेमागून हसली. माझ्या मागं गळ्यात बोटाएवढी साखळी घातलेला एक जण उभा होता, तो तर मोठ्यांदा हसला. आणि खोटं कशाला सांगू, मीही हसले. चार लोक हसतात तेव्हा आपणही हसावं, म्हणजे आपण त्यांच्यातले वाटतो, असा माझा समज होता.

माझी लेक सुजाता बाजूला उभी होती. ती हसली नाही.

याला वीसेक वर्षं झाली. तेव्हा आम्ही तळवड्यात भाड्यानं राहायचो, पत्र्याच्या दोन खोल्या. नवरा भोसरीच्या एका फाउंड्रीत हेल्पर, मी एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटायला. सुजाता बारावी झाली आणि तिचा नंबर कराडच्या सरकारी इंजिनियरिंग कॉलेजात लागला. आमच्या चाळीत इंजिनियर म्हणजे कंपनीत पांढरा शर्ट घालून हिंडतो तो, एवढीच माहिती. फी आम्हाला माफ होती. पण पोरगी कराडला राहणार कुठं, खाणार काय? पुस्तकं, ड्रॉइंगचा बोर्ड, कॅल्क्युलेटर. त्याला पैसा लागणार होता आणि तो आमच्याकडं नव्हता. तिच्या कॉलेजातल्या एका सरांनी सांगितलं, सरकारची शिक्षणकर्जाची योजना आहे, सरकारी बँकेत जा.

मग आमची स्वारी निघाली.

त्या दिवशीची मी आठवली की मला आजही हसू येतं, आणि हसता हसता कंबर धरावी लागते. काय तो थाट! ठेवणीतली एकुलती एक साडी, तिला खळ घालून कडक इस्त्री. चालताना कागदासारखी वाजत होती. शेजारणीची पर्स मागून आणलेली. आत रुमाल आणि बसचं तिकीट, दुसरं काही नाही, पण छातीशी अशी धरलेली, जणू अख्ख्या कंपनीचा पगार आत आहे. आणि आठ दिवस एक वाक्य घोकलेलं. "साहेब, मला शैक्षणिक कर्ज हवे आहे." सुजातानं कागदावर लिहून दिलं होतं. आमच्या तोंडात ण बसत नाही. पाणी म्हणायला जावं तर पानी येतं. आठ दिवस मी चपात्या लाटता लाटता पुटपुटत होते, शैक्षणिक, शैक्षणिक. कॅन्टीनचा सुपरवायझर म्हणाला, "मावशी, जप लावलाय का काय?"

बँक निगडीला, बसस्टँडपासून चालत जाण्यासारखी. नाव लिहीत नाही. साहेबानं मान वर न करता विचारलं, "काय?"

मी वाक्य म्हटलं. ण अगदी ठणठणीत आला. मला इतका आनंद झाला की पुढं काही बोलायचं असतं हेच विसरले.

त्यानं कागद चाळले. मार्कशीटवरून हात पटकन पुढं गेला. जातीच्या दाखल्यावर थांबला.

"फी माफ आहे ना?"

"हो साहेब."

"मग कर्ज कशाला? तुम्हा लोकांना सगळं फुकटच असतं की."

मी सांगायला लागले. हॉस्टेल, खानावळ, पुस्तकं. त्यानं हात वर केला, ट्रॅफिकवाला करतो तसा.

"जामीन आहे का?"

मी म्हणाले, "न्हाई साहेब. आमाला कुठली जमीन? आमी भाड्यानं राहतो. गावाकडं बी न्हाई."

मग ते वाक्य आलं. जे वर लिहिलंय.

आता तुम्ही म्हणाल, या बाईला जामीन हा शब्दच माहीत नव्हता का? होता. चांगला माहीत होता. चाळीत पोलिसांनी कुणाला उचललं की दुसऱ्या दिवशी त्याची आई दारोदार फिरायची, जामीन राहा, जामीन राहा म्हणत. जामीन म्हणजे कोर्ट. जामीन चोराला लागतो, मारामारी करणाऱ्याला लागतो. बँकेत पंख्याखाली बसलेला माणूस माझ्या एवढ्या मार्कांच्या पोरीसाठी जामीन कशाला मागेल? माझ्या कानानं तो शब्द आत घेतलाच नाही. त्याला जा-चा काना काढून टाकायला लावला. आणि जमीन हा शब्द तर त्या वर्षांत आमच्या भागात हवेतच होता. आज याची गेली कंपनीला, उद्या त्याची. दोन गुंठे विकले, गाडी आली. चार गुंठे विकले, बंगला आला. जमीन असलेल्याला सगळे साहेब उठून खुर्ची देतात हे मी रोज बघत होते. म्हणून बँकेनंही जमीनच विचारली यात मला काही नवल वाटलं नाही. शिवाय माझा सगळा जीव त्या ण सांभाळण्यात गेलेला. काना कुठून ऐकू येणार?

हसणं थांबल्यावर त्यानं कागद माझ्याकडं सरकवले. एका बोटानं. मी ते गोळा केले, पदर कमरेला खोचला आणि सुजाताला म्हणाले, "चल गं. यांच्या दारात परत पाय ठेवायचा न्हाई."

बघा रुबाब! पर्समध्ये रुमाल, आणि बाई बँकेवर बहिष्कार टाकून निघाली. मला वाटलं मी केवढा स्वाभिमान दाखवला. बँकेला वाटलं असेल, बरं झालं, गेली. साहेबानं पुढच्या माणसाला, त्या साखळीवाल्याला, खुर्ची दिली ते मी दारातून वळून पाहिलं.

पायऱ्यांवर सुजाता म्हणाली, "आई, जामीन म्हणजे काय ते त्यांनाच विचारायचं होतं ना."

"तू गप बस. चार बुकं जास्त शिकली म्हणून मला शिकवू नको."

ती गप्प बसली. पुढं फार वर्षं ती गप्पच बसली.

पण माझं शहाणपण तिथं संपलं असतं तर बरं. मी दुसऱ्या दिवशी कामावरून सरळ आमच्या घरमालकांकडं गेले. गावातलं जुनं घराणं, पंधरा-वीस खोल्यांचं भाडं यायचं, एमआयडीसीकडच्या रस्त्याला जमीन होती. मालकीणबाई ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या. मी खाली पायरीवर बसले. म्हणाले, "मालकीणबाई, थोडी जमीन दाखवायला द्याल का? पोरीच्या कर्जासाठी. काम झालं की परत."

त्या शेंगा फोडायच्या थांबल्या.

"व्हय गं, जमीन काय डाग हाय का, लग्नात घालून मिरवायला दिऊ न् परत घिऊ?" मग आत ओरडून, "आवो, ऐकलं का? ही सातबारा मागाया आलीया!"

मालक बाहेर आले. सगळं ऐकून घेतलं. ते हसले नाहीत. ते म्हणाले, "आगं येडे, जमीन न्हाई, जामीन मागितला आसंल बँकंनं. म्हंजी पोरीनं पैसं बुडवलं तर मी भरायचं."

तेव्हा मला तो काना कळला. ओट्याखालच्या पायरीवर.

"मग राहाल का मालक जामीन?"

"न्हाई." त्यांनी तंबाखू मळली. "तुमच्या लोकांचा काय भरवसा? आज हायसा, उद्या उठून जाल."

त्यांच्या खोल्यांत आम्ही तेव्हा बारा वर्षं राहत होतो. एक महिना भाडं चुकलं नव्हतं. हे त्यांना तोंडावर म्हणावं असं मला आज वाटतं. तेव्हा मी काय म्हणाले? म्हणाले, "बरं मालक." आणि पायरीवर पडलेली टरफलं गोळा करून टोपलीत टाकली. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप गेला. ते टरफलं उचलणं मला बँकेतल्या हसण्यापेक्षा जास्त टोचतं.

कराडची मुदत गेली. सुजाता एकदा फक्त म्हणाली, "ठीक आहे आई." दोन महिन्यांनी ती चाकणला एका कंपनीत ठेकेदाराकडून लागली. गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायचे, टेप गुंडाळायची, खोक्यात भरायचे. अजून तेच करते. ठेकेदार पाच बदलले, युनिफॉर्मचा रंग बदलला, काम तेच. बोटांची पेरं जाड झालीत, थंडीत मूठ मिटत नाही. तिचं लग्न झालं, जावई कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, माणूस चांगला. पोरगी झाली, समीक्षा. मी म्हातारी झाले. नवरा गेला तशी मी लेकीकडंच राहायला आले, चिखलीत. अजूनही भाड्यानंच.

आणि घरात एक म्हण होऊन बसली होती. काही मोठं मागितलं की आम्ही म्हणायचो, "आपल्याला कोण जामीन राहणार?" टीव्ही मोठा घ्यायचा? आपल्याला कोण जामीन राहणार. पोरीला चांगल्या शाळेत? कोण जामीन राहणार. हसून म्हणायचो. मीच सगळ्यात जास्त.

यंदा समीक्षा बारावी झाली. तिला फिजिओथेरपीला नाशिकला नंबर लागला. मी विचारलं, "म्हणजे मालिश?"

"आजी! मालिश काय! डिग्री आहे साडेचार वर्षांची."

"बरं बाई. माझ्या कमरेपासून सुरुवात कर."

इथंही गोष्ट तीच. फी माफ, पण बाकी काही नाही. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली असती, पण जावयानं वर्षभर ओव्हरटाइम केला आणि त्या ओव्हरटाइमनं आम्ही मर्यादेच्या जरासे वर गेलो. सरकारच्या लेखी श्रीमंत झालो. त्या दिवशी मी जावयाला म्हणाले, "अभिनंदन शेठ." तो बिचारा खाली मान घालून हसला.

समीक्षा मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात जमिनीवर बसली. मी कमरेला गरम पिशवी लावून भिंतीला टेकलेली. सुजाता पहिल्या शिफ्टवरून येऊन जेवायला बसली होती. पोरगी वाचायला लागली, मोठ्यानं, मराठीत सांगत. सरकारी शिक्षणकर्ज. अर्ज सरकारच्या पोर्टलवर भरायचा, बँक निवडायची. फीच नाही, हॉस्टेल, मेस, पुस्तकं, लॅपटॉप, सगळं धरता येतं. आई किंवा वडील सहकर्जदार.

"सहकर्जदार म्हणजे?"

"म्हणजे मम्मी पण कर्जदार. मी नाही फेडलं तर तिनं फेडायचं."

"हे बरं सांगितलंय. पुढं?"

"हप्ते शिक्षण संपल्यावर एक वर्षानं सुरू. शिकत असतानाचं व्याज, उत्पन्न कमी असेल आणि योजनेत बसत असेल तर, सरकार भरतं. साडेसात लाखांपर्यंत तारण नाही. जामीनदार नाही."

"काय नाही?"

"जामीनदार नाही आजी. गॅरंटर. लागत नाही."

मी पिशवी बाजूला ठेवली. "हे आता नवीन काढलं असेल."

"थांब, बघते." तिचा अंगठा वरखाली होत राहिला. ही पोरगी काहीही विचारा, शोधल्याशिवाय सोडत नाही. "साडेसात लाखांचं नंतर झालंय. पण आधीच्या योजनेत चार लाखांपर्यंत होतं. तेव्हाही तारण नाही, जामीनदार नाही."

"आधीच्या म्हणजे कधी?"

तिनं सांगितलं. मी बोटांवर मोजलं. आम्ही निगडीच्या बँकेत गेलो त्याच्या आधीपासून. कराडचं सगळं मिळून आम्हाला चार लाखांच्या निम्मेही लागले नसते.

म्हणजे त्या साहेबानं मला जे विचारलं ते विचारायचंच नव्हतं. मला जमीन आणि जामीन यातला फरक कळला नाही, खरं आहे. पण त्याला काय कळत नव्हतं? नियम माहीत नसेल तर तो माझ्याइतकाच अडाणी, फक्त खुर्चीवर बसलेला. आणि माहीत असेल तर? यातलं कुठलं खरं ते मला कधीच कळणार नाही. मला एवढंच कळलं की वीस वर्षं मी स्वतःला एका कान्याबद्दल शिव्या घातल्या आणि त्या कान्याचा इथं काही संबंधच नव्हता.

समीक्षा एकदा माझ्याकडं बघे, एकदा आईकडं. सुजातानं घास चावला, गिळला, पाणी प्यायली.

"भाजीत मीठ कमी आहे," ती म्हणाली. आणि ताट घेऊन उठली.

मी तिच्या मागं मोरीपर्यंत गेले. म्हणाले, "ठेव, मी घासते." ती म्हणाली, "राहू दे. तुझी कंबर." बस. एवढंच.

अर्ज पोर्टलवर भरला. बँक निवडायची वेळ आली तेव्हा सुजाता म्हणाली चिखलीतलीच टाका. मी म्हणाले, निगडीची टाका, सुजाताचं पगाराचं खातं तिथंच आहे. कारण खरं होतं, पण खरं कारण ते नव्हतं. म्हातारपणी एवढा खोडकरपणा चालतो.

पहिल्यांदा मी एकटीच गेले. सुजाताचा एक खाडा म्हणजे एका दिवसाचा पगार आणि हजेरीचा बोनस, दोन्ही जातात. काच नवी, एसी, टोकनचं यंत्र. साहेब तरुण, नम्र. "बसा आजी. पाणी घेणार?" हा वाईट नव्हता. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

कागद बघून म्हणाला, "आजी, तुमच्या किंवा जावयांच्या नावावर काही प्रॉपर्टी? किंवा कुणी गॅरंटर, सरकारी नोकरीतला?"

शब्द बदलले होते. मला हसूच आलं. तो गोंधळला.

"आम्ही मागतोय किती?" मी विचारलं.

त्यानं बघितलं. "पाच लाख."

"साडेसातपर्यंत काय लागतं?"

"तसं... नियमानं काही नाही. पण आजी, ते कागदावर असतं. प्रॅक्टिकली बँकेला रिस्क असते."

"मग तुमचं प्रॅक्टिकल मला कागदावर द्या. म्हणजे मी माझ्या पोरीला दाखवीन."

तो पेन फिरवत बसला. मग म्हणाला पोर्टलवरून अर्ज यायला हवा. मी छापलेला कागद पुढं केला. म्हणाला मॅनेजर मीटिंगला गेलेत. मी म्हणाले, बसते. म्हणाला जेवणाची सुट्टी होईल. मी म्हणाले, डबा आणलाय. खरंच आणला होता, बटाट्याची भाजी आणि चपाती. बाकड्यावर बसून खाल्ली. शिपाई म्हणाला, "आजी, इथं जेवायचं नाय." मी म्हणाले, "बाबा, तीस वर्षं लोकांना जेवायला घातलंय, आता मला जेवू दे." त्यानं पाण्याची बाटली आणून ठेवली.

चार वाजता अर्जावर शिक्का मारून पोहोच मिळाली. एवढ्या कामाला माझे सहा तास आणि कमरेचा सत्यानाश. घरी येऊन दोन दिवस झोपून होते. मला काही जिंकल्यासारखं वाटलं नाही. मला वाटलं, हे एवढंच करायचं होतं? बसून राहायचं? तेव्हा माझी कंबर धड होती. अख्खा आठवडा बसू शकले असते.

दहा दिवसांनी बँकेतून फोन आला. आईला घेऊन या, सह्या आहेत. सुजातानं अर्धा दिवस घेतला, युनिफॉर्मवरच आली. समीक्षा बरोबर. वसतिगृहाचे पैसे भरायची मुदत सोमवारी, आणि हा बुधवार.

साहेबानं कागदांचा गठ्ठा पुढं ठेवला. सगळ्यात वर एक रंगीत फॉर्म. "ही एक छोटी विमा पॉलिसी आहे ताई. दरवर्षी हप्ता. ही केली की फाइल लगेच पुढं जाते. शुक्रवारपर्यंत मंजुरी."

"आणि नाही केली तर?" मी विचारलं.

"तसं काही नाही आजी. पण... वेळ लागतो मग."

समीक्षानं हप्त्याचा आकडा वाचला आणि माझ्याकडं बघितलं. सुजाताच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढा. दरवर्षी.

सुजातानं पेन उचललं.

"थांब," मी म्हणाले.

ती थांबली नाही. म्हणजे पेन थांबलं, ती नाही. माझ्याकडं न बघता बोलली, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. वीस वर्षं जे बोलली नव्हती ते.

"आई, एकदा तू तोऱ्यात उठून आलीस. तू उठलीस आणि मी खोकी भरली. तुला वाटतं लोक हसले म्हणून माझं शिक्षण गेलं. लोक हसल्यानं नाही गेलं. तू उठलीस म्हणून गेलं. माझ्या पोरीच्या बाबतीत मला तुझा स्वाभिमान नकोय."

यावेळी बँकेत कुणी हसलं नाही. टोकनच्या यंत्रानं एक नंबर पुकारला, कुणी उठलं नाही.

ती खरं बोलत होती. माफी मागावी असं मनात आलं, पण तिथं साहेबापुढं माफी मागितली असती तर तीही एक नाटकातली गोष्ट झाली असती. आणि ती काय माफीनं इंजिनियर होणार होती?

मी म्हणाले, "बरोबर आहे तुझं. मी उठत नाही. तूही उठू नको. सही करायची तर कर, हात तुझा आहे. त्याआधी साहेबांना एकच विचार. ही पॉलिसी कर्जासाठी सक्तीची आहे असं बँकेच्या कागदावर लिहून देतील का?"

सुजातानं फॉर्मकडं बघितलं. मग समीक्षाकडं. मग माझी ती कधी न बोलणारी पोरगी कंपनीत सुपरवायझरशी बोलतात त्या आवाजात, अगदी नम्रपणे म्हणाली, "सर, हे कम्पलसरी आहे असं लेटरहेडवर द्याल का? मग करते सही."

साहेबानं रंगीत फॉर्म उचलला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. त्याचे कान लाल झाले होते. बाकीच्या कागदांवर सुजातानं सह्या केल्या, सतरा ठिकाणी, जाड झालेल्या बोटांनी, प्रत्येक सही सारखी.

"फाइल वर पाठवतो," तो म्हणाला. "किती दिवस लागतील सांगता येत नाही."

आता फाइल अडवणं त्याच्या हातात होतं आणि आम्हा चौघांनाही ते माहीत होतं.

बाहेर आल्यावर सुजाता म्हणाली, "सोमवार गेला तर मी तुला बोलणार नाही असं समजू नकोस."

"बोल," मी म्हणाले.

ती बस पकडून उरलेला अर्धा दिवस भरायला चाकणला गेली. समीक्षा आणि मी चालत स्टँडवर आलो. पोरगी म्हणाली, "आजी, मम्मी रागावलीय का?" मी म्हणाले, "हो. तिला रागवू दे. तिचं राहिलेलं आहे."

आज शुक्रवार आहे. मंजुरी आलेली नाही. जावयानं त्याच्या युनियनमधल्या माणसाकडून वसतिगृहापुरते पैसे उसने मिळतात का ते विचारलंय, नक्की नाही. सुजाता माझ्याशी कामापुरतं बोलते. मी हे लिहितेय ते कमरेखाली उशी घेऊन, थांबत थांबत, कारण फार वेळ बसवत नाही. थकले आहे. खरंच थकले आहे. या वयात हे सगळं शिकायला लागावं याचा मला राग येतो, आणि रागवायलाही ताकद लागते.

आमच्या गल्लीतल्या तीन पोरी बारावी झाल्यात. त्यांच्या आया काल माझ्याकडं आल्या होत्या. एकीनं विचारलं, "आजी, बँकवाला म्हणतो जागेचे कागद आणा, खरं का?" मी तिला दारातच खाली बसवलं आणि समीक्षानं छापून आणलेला नियम मोठ्यानं वाचून दाखवला. तिला म्हणाले, आता तू वाच. तिनं अडखळत वाचला. म्हणाले, परत. तिसऱ्यांदा तिनं न अडखळता वाचला. पुढच्या आठवड्यात ती बँकेत जाईल तेव्हा मी तिच्याबरोबर जाणार आहे, पण बोलणार ती आहे.

सोमवारी दहा वाजता शटर वर जाईल तेव्हा मी निगडीला बाहेर उभी असेन. आत जाईन, टोकन घेईन, बसेन. कर्ज द्यायचं नसेल तर नका देऊ. पण ते ‘नाही’ मला तोंडी चालणार नाही. कारण लिहा, खाली नाव लिहा, सही करा, तारीख घाला. तो कागद घेऊन मी त्यांच्या वरच्या कचेरीत जाईन, आणि तिथल्या ‘नाही’वरही सही मागीन. माझी पोरगी मला माफ करो न करो. समीक्षाची जागा जोवर आहे तोवर मी त्या खुर्चीवर आहे.